ल्वारच्या खोऱ्यात सायकलने: एकच नदी, आणि तीही प्रवाहाच्या उलट दिशेने

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सप्टेंबरच्या मध्यात तुम्ही आणि तुमचे यजमान पुण्याहून फ्रान्सला निघणार आहात, प्रत्यक्ष सायकलीसाठी १२ दिवस हाताशी आहेत, आणि तेवढ्यात ल्वारकाठचे राजवाडे, दोर्दोन्यचे खोरे आणि कनाल द्यू मिदी हे तिन्ही करायचे आहे. त्यासाठी रोज किती किलोमीटर धरावेत आणि सायकल इथून न्यावी की तिकडे भाड्याने घ्यावी, हे तुम्ही विचारले आहे. तुम्ही २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेऱ्या, पूर्ण केलेल्या आहेत, यजमान रविवारी ४०-५० किलोमीटर चालवतात, आणि दोघेही शाकाहारी आहात, हेही तुम्ही लिहिले आहे.

मी बरीच वर्षे तूर शहरात राहतो आणि भारतातून येणाऱ्या कुटुंबांच्या सायकल-सहली आखतो. त्यांतल्या बहुतेकींत मी स्वतःही सोबत असतो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या आराखड्यातील खरी अडचण पायांच्या ताकदीची नाही. ज्याला साडेतेरा तासांत २०० किलोमीटर कापता येतात, त्याला या खोऱ्यांत अंतर कधीच कमी पडत नाही. कमी पडतात ते दुकाने उघडी असण्याचे तास, राजवाडे पाहण्याची दुपार आणि रेल्वेत सायकलीला मिळणारी जागा. म्हणून आधी प्रदेश निवडावा, मग दिशा ठरवावी, आणि किलोमीटर सर्वांत शेवटी मोजावेत.

तिन्ही ठिकाणे एकाच सहलीत करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ल्वारहून दोर्दोन्यला आणि तिथून तुलूझला जायचे तर दोन-तीन दिवस गाड्या बदलण्यात जातात, आणि प्रत्येक बदलात सामानासह दोन सायकली जिन्यांवरून वाहाव्या लागतात. शिवाय या तिघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत. दोर्दोन्य अतिशय देखणी आहे, पण तिचे खोरे चुनखडीच्या कड्यांमधून जाते. सार्लापासून सुयाकच्या दिशेने जुन्या रेल्वेमार्गावर केलेला सपाट सायकल-मार्ग संपला की किल्ले आणि गावे गाठण्यासाठी वारंवार चढावे लागते आणि मोटारींच्या रस्त्यावर यावे लागते. तुम्हाला ते आवडेल, यजमानांना कदाचित नाही. कनाल द्यू मिदी हा प्येर-पोल रिके याने उभा केलेला आणि १६८१ मध्ये खुला झालेला २४० किलोमीटरचा कालवा आहे. तुलूझपासून पहिले सुमारे ५० किलोमीटर काठचा रस्ता गुळगुळीत आहे. नोरूझच्या जलविभाजकानंतर मात्र खडी, माती आणि झाडांची मुळे सुरू होतात. काठावरच्या प्लेन वृक्षांना बुरशीचा रोग लागल्याने हजारो झाडे तोडावी लागली आहेत, त्यामुळे जुन्या छायाचित्रांतली सलग सावली आता सगळीकडे मिळत नाही. जलव्यवस्थापनाची आवड असेल तर तो कालवा स्वतंत्र सहलीला पूर्णपणे पात्र आहे. नदी, अरण्य आणि ऐतिहासिक गावे अशी तिन्ही गोष्टींची तुमची अपेक्षा, आणि दोघांच्या क्षमतेत असलेला फरक, हे दोन्ही लक्षात घेता मी ल्वार सुचवतो, आणि तीही फक्त आंजे ते ओर्लेआँ या पट्ट्यात.

ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी आहे, १,००० किलोमीटरहून थोडी अधिक. तिच्या काठाने आखलेला सायकल-मार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा असून तो नव्हेरजवळून अटलांटिकपर्यंत जातो. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोव्हेलो ६ या मार्गाचाही तो मोठा भाग आहे. त्यातील सुली-सुर-ल्वार ते शालोन-सुर-ल्वार हे खोरे २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तुमचा पट्टा जवळजवळ सगळा त्यात येतो. थेट अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. आडवाटांसह ४०० च्या आसपास धरा.

आता दिशेबद्दल. बहुतेक मार्गदर्शिका ओर्लेआँहून निघून नदीबरोबर समुद्राकडे जायला सांगतात, कारण नदी उताराला वाहते म्हणून तिकडे जाणे सोपे, असे वाटते. प्रत्यक्षात आंजे आणि ओर्लेआँ येथील नदीपात्रांच्या उंचीत १०० मीटरचाही फरक नाही, आणि तो ३०० किलोमीटरवर पसरलेला असल्याने पायांना जाणवतच नाही. जाणवतो तो वारा. या खोऱ्यात प्रमुख वारा पश्चिमेकडून, समुद्राकडून आत येतो. नदीकाठच्या उघड्या बांधावर, चाकाच्या दोन्ही बाजूंना पॅनियर बॅगा लावलेल्या सायकलवर, समोरून येणारा वारा दिवसभर सोसणे हे घाट चढण्यापेक्षा अधिक कंटाळवाणे असते, कारण त्याला माथा नसतो. ल्वारवरच्या नावाड्यांना हे पक्के माहीत होते: ते प्रवाहाबरोबर खाली जात आणि वर येताना पश्चिमेच्या वाऱ्यावर मोठे चौकोनी शीड उभारत. रेल्वे येईपर्यंत मीठ, वाइन आणि दगड यांची वाहतूक अशीच चाले. म्हणून मी लोकांना आंजेहून पूर्वेकडे आणतो. वाऱ्याची हमी कोणीच देऊ शकत नाही आणि सप्टेंबरात काही दिवस तो पूर्वेकडूनही येतो. परंतु शक्यता आपल्या बाजूने असावी एवढेच नियोजनात करता येते. पॅरिसहून आंजेला वेगवान गाडीने साधारण दीड तास लागतो, काही गाड्या तर थेट शार्ल द गोल विमानतळावरूनच सुटतात. परतीला ओर्लेआँहून पॅरिस तासाभराच्या अंतरावर आहे.

आंजे हे खुद्द ल्वारवर नाही, ते मेन या अगदी छोट्या उपनदीवर वसले आहे. पहिला पूर्ण दिवस तिथे काढावा. प्रवासाचा शीण जातो, सायकलची उंची आणि गिअर नीट जुळवून घेता येतात, आणि किल्ल्यातील १४व्या शतकातला अपोकॅलिप्सचा, म्हणजे बायबलमधील जगाच्या अंताच्या दृश्यांचा, विणलेला चित्रपडदा निवांत पाहता येतो. आज उरलेला त्याचा भागच सुमारे १०० मीटर लांबीचा आहे. दुसऱ्या दिवशी सोम्यूरकडे निघावे. हा टप्पा ५५ ते ६५ किलोमीटरचा, सहलीतील सर्वांत लांब टप्प्यांपैकी एक आहे. तो सुरुवातीला, ताजेपणी आलेला बरा.

सोम्यूरपासून पुढचे ४०-५० किलोमीटर मला संपूर्ण मार्गात सर्वांत मोलाचे वाटतात. इथे नदीकाठचा कडा तुफो नावाच्या मऊ, पांढुरक्या चुनखडीचा आहे. हा दगड करवतीने कापता येतो आणि उघड्यावर पुढे कठीण होतो. नदीतून होड्यांनी तो दूरवर नेला गेला आणि खोऱ्यातील राजवाडे, चर्च आणि साधी घरेसुद्धा त्यातूनच उभी राहिली. जिथून दगड काढला तिथे कड्यात पोकळ्या राहिल्या, आणि त्यांत आज घरे, वाइनची तळघरे आणि अळिंब्यांची लागवड आहे. सूझे-शांपिन्यी या गावात सायकल-मार्गाचा एक तुकडा चक्क कड्याच्या पोटातून जातो. तिथे उतरून, दिवा लावून, सायकल हाताने न्यावी. पुढे मोंसोरो आणि कांद-सँ-मार्तां ही दोन गावे एकमेकांना खेटून आहेत. व्हिएन नदी ल्वारला मिळते ती इथेच, आणि तूरचे बिशप संत मार्टिन यांचे निधन ३९७ साली याच कांद गावात झाले. मोंसोरोहून साडेचार-पाच किलोमीटर आत, चढावर, फोंतव्रोचा मठ आहे. ११०१ साली स्थापन झालेल्या या मठात इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, त्याची राणी एलिनॉर आणि त्यांचा मुलगा रिचर्ड यांच्या दगडी निद्रिस्त प्रतिमा आहेत. १८०४ पासून दीडशेहून अधिक वर्षे याच वास्तूचा तुरुंग म्हणून वापर झाला. लोक चढ पाहून हा मठ वगळतात. कृपा करून वगळू नका. सायकल ढकलत गेलात तरी हरकत नाही.

तिथून मुक्कामाला शिनों. त्याच्या पुढच्या दिवशी नदीकाठचा अधिकृत मार्ग सोडून शिनोंच्या अरण्यातून आझे-ल-रिदोकडे जावे, असे मी सुचवतो. सुमारे ५,००० हेक्टरचे हे ओक आणि पाइनचे जंगल आहे. इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते: फ्रान्सच्या या भागातील मोठी अरण्ये टिकली ती मुख्यतः राजे आणि सरदार यांच्या शिकारीसाठी, आणि राजवाडेही बहुधा त्याच कारणाने तिथे आले. त्यामुळे जंगलातल्या वाटा सरळ, रुंद आणि चौकांत मिळणाऱ्या असतात. त्या दिसायला सोप्या असल्या तरी सगळे चौक सारखेच दिसतात आणि मोबाइलची रेंज काही ठिकाणी जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा. आझे-ल-रिदोचा राजवाडा अँद्र नदीच्या पाण्यात उभा आहे. तिथून व्हिलांद्रीच्या बागा, आणि मग शेर नदीच्या काठाने तूर. तूरमध्ये एक दिवस विश्रांती घ्यावी, कपडे धुवावेत, सायकलची साखळी पुसून तेल घालावे.

तूर ते आंब्वाझ जेमतेम ३० किलोमीटर आहे, परंतु आंब्वाझला दोन रात्री ठेवाव्यात. लिओनार्दो द व्हिन्ची यांनी अखेरची वर्षे तिथल्या क्लो ल्युसे या वास्तूत घालवली आणि २ मे १५१९ रोजी त्यांचे तिथेच निधन झाले. दुसऱ्या दिवशी सामान खोलीवर ठेवून, आंब्वाझच्या अरण्यातून १५ किलोमीटरवरील शनोंसोच्या राजवाड्याला जाऊन यावे. वाटेत अरण्याच्या कडेला शांतलूचा उंच पॅगोडा दिसतो. तो १८व्या शतकातला असून ज्या राजवाड्याच्या बागेत तो उभा होता तो राजवाडा आता अस्तित्वात नाही. शनोंसोचे दालन शेर नदीवरच्या पुलावर बांधलेले आहे. दुसऱ्या महायुद्धात ही नदीच जर्मनव्याप्त आणि मुक्त प्रदेशांमधली सीमारेषा होती आणि दालनाचे दक्षिण दार मुक्त प्रदेशात उघडत असे. परतताना यजमान थकले तर शनोंसो राजवाड्याशेजारीच रेल्वे स्थानक आहे. तिथून प्रादेशिक गाडी तूरला जाते आणि तिकडून आंब्वाझची गाडी मिळते.

पुढे ब्लुआ, आणि ब्लुआहून सुमारे २० किलोमीटरवर शांबोर. १५१९ साली पहिल्या फ्रान्सिस राजाने सुरू केलेला हा राजवाडा आणि त्यातला दुहेरी चक्राकार जिना सर्वांना ठाऊक असतो. त्याच्याभोवतीचे रान मात्र बहुतेक जण पाहत नाहीत. ५,४४० हेक्टरचे हे राखीव रान ३२ किलोमीटर लांबीच्या भिंतीने वेढलेले आहे. त्याचा काही भागच लोकांसाठी खुला असतो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हा लाल हरणांच्या माजाचा काळ असतो आणि पहाटे व तिन्हीसांजेला नरांचे हंबरणे दूरवरून ऐकू येते. तुमच्या तारखा नेमक्या त्यातच येतात. म्हणून शांबोर दिवसाढवळ्या धावत पाहून पुढे जाऊ नये, आसपासच एखाद्या गावात मुक्काम करावा. त्यानंतर बोजांसीमार्गे ओर्लेआँ. या टप्प्यात सँ-लोराँच्या अणुवीज केंद्राजवळून जावे लागते, ते चित्रात बसत नाही म्हणून मार्गदर्शिका सांगत नाहीत, पण रस्ता सुरक्षित आहे.

थोडक्यात आखणी अशी होते: आंजे दोन रात्री, सोम्यूर दोन, शिनों एक, तूर दोन, आंब्वाझ दोन, ब्लुआ एक, शांबोरजवळ एक, ओर्लेआँ एक. सायकलीचे दिवस सरासरी ३५ ते ४५ किलोमीटरचे. तुम्हाला हे फार कमी वाटेल याची मला कल्पना आहे. ज्या दिवशी पाय शिवशिवतील त्या दिवशी तुम्ही एकट्या पहाटे नदीपलीकडे फेरी मारून या, परंतु दोघांचा टप्पा वाढवू नका. एक राजवाडा नीट पाहायला अडीच-तीन तास लागतात, आणि ७० किलोमीटरच्या दिवशी तो पाहिला जात नाही, त्याच्यासमोर फोटो काढला जातो.

वेळेचे गणितही इथे पुण्यासारखे नाही. सप्टेंबरच्या मध्यात सूर्योदय साडेसात-पावणेआठच्या सुमारास होतो आणि नाश्ता त्याच वेळी मिळतो, त्यामुळे ब्रेव्हेच्या सवयीने पाचला निघण्यात अर्थ नाही. उजेड मात्र संध्याकाळी आठपर्यंत राहतो. खेड्यांतील उपाहारगृहे दुपारी १२ ते २ एवढेच जेवण देतात. अडीचला पोहोचलात तर संध्याकाळी सातपर्यंत स्वयंपाकघर बंद असते. रविवारी दुपारी आणि सोमवारी पुष्कळ दुकाने व बेकऱ्या बंद असतात, म्हणून शनिवारीच दोन दिवसांची फळे, पाव, चीज घेऊन ठेवावे. शाकाहारींना या खोऱ्यात उपाशी राहावे लागत नाही: सँत-मोर हे बकरीच्या दुधाचे चीज, अळिंबी, आणि सोम्यूरकडे भट्टीत फुगवलेले फुए नावाचे छोटे पाव मिळतात, ज्यांत पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांचे सारण भरून देतात. त्याच पावांत रियेत हे डुकराच्या मांसाचे सारणही भरतात, तेव्हा मागवतानाच विचारावे. पाण्यासाठी गावाच्या दफनभूमीत नळ असतो; तिथे शांतपणे बाटली भरून घेणे ही इथल्या सायकलस्वारांची जुनी रीत आहे. मात्र पाणी पिण्याजोगे नसल्याची पाटी लावलेली असेल तर ते घेऊ नये.

सायकलीबद्दल माझे उत्तर सोपे आहे: भाड्याने घ्या. आंजे, तूर, ओर्लेआँ अशा शहरांत एका ठिकाणी सायकल घेऊन दुसऱ्या ठिकाणी सोडण्याची सोय देणारे व्यावसायिक आहेत, आणि काही जण सामानही पुढच्या मुक्कामावर पोचवतात. विमानातून स्वतःची सायकल आणायची तर खोका, त्याचे भाडे, आणि वेगवान गाड्यांत ती सुटी करून पिशवीत घालण्याची खटपट आली. ब्रेव्हेची अरुंद टायरची सायकल तर आणूच नका. बांधांवर काही ठिकाणी बारीक खडी आहे आणि शांबोरकडच्या सोलोन्य प्रदेशात माती वाळूची आहे. ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर तिथे हवेत. सॅडल मात्र स्वतःची आणावी, ओळखीची सॅडल असली की निम्मे दुखणे टळते. यजमानांसाठी विजेवरची सायकल घ्यावी का, हे त्यांच्या गुडघ्यांवर आणि इच्छेवर अवलंबून आहे. घेतलीत तर ती २५ किलोच्या आसपास असते आणि रेल्वेच्या पायऱ्यांवर एकट्याला उचलवत नाही, हे लक्षात असू द्या.

सुरक्षिततेविषयी दोन-तीन गोष्टी मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. रस्त्याची उजवी बाजू दोन दिवसांत अंगवळणी पडते, पण खेड्यांतल्या खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, हे आपण विसरतो. आंजे, तूर आणि ओर्लेआँ या तिन्ही शहरांत ट्राम आहे. तिचे रूळ काटकोनात ओलांडावेत, तिरके गेल्यास चाक खाचेत अडकते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात शिकारीचा हंगाम सुरू होतो, विशेषतः रविवारी. जंगलाच्या तोंडाशी शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर दुसरी वाट धरावी आणि भडक रंगाचे जाकीट घालावे. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात असे परावर्तक जाकीट कायद्यानेच आवश्यक आहे. गवतातून चालून आल्यावर पायांवर गोचिडी तपासाव्यात. आणि ल्वारमध्ये उतरू नये. सप्टेंबरात पाणी ओसरलेले असते, पांढऱ्या वाळूची बेटे उघडी पडतात आणि नदी गुडघाभरच आहे असे वाटते. पण वाळू पायाखालून सरकते, तिच्या कडेला अचानक खोल डोह असतात आणि प्रवाह जोराचा असतो. हीच नदी १८४६, १८५६ आणि १८६६ साली बांध फोडून खोऱ्यात शिरली होती. त्या पुरांच्या पातळीच्या रेषा गावांतल्या भिंतींवर कोरलेल्या तुम्हाला दिसतील.

शेवटी आरक्षणाचा क्रम. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि त्यात मुक्कामाचे पुरावे व किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो; म्हणून जिथे रात्र होईल तिथे राहू, ही कल्पना कागदावर चालत नाही. आधी शांबोरजवळची आणि आंब्वाझची खोली धरा, कारण तिथे जागा लवकर संपतात. सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार वारसा दिनांचा असतो. एरवी बंद असणाऱ्या अनेक वास्तू तेव्हा उघडतात, पण गर्दीही होते, त्यामुळे ते दोन दिवस तूर किंवा आंजे यांसारख्या मोठ्या शहरात येतील असे पाहा. खोली निवडताना सायकलस्वारांसाठी असलेले ‘आक्योय व्हेलो’ हे मानचिन्ह शोधा. अशी ठिकाणे सायकल-मार्गापासून ५ किलोमीटरच्या आत असतात आणि तिथे कुलूपबंद सायकलघर व दुरुस्तीची हत्यारे मिळतात. तारखा निश्चित झाल्या की इथेच कळवा, म्हणजे शनिवार-रविवार आणि सोमवार कोणत्या गावात येतात ते पाहून टप्पे पुढे-मागे करता येतील.